कायमचं तेल

कोरेगावच्या नाक्यावर यशवंत लोहारांचं मोटरसायकलचं गॅरेज होतं. लेक शर्वरीनं न विचारता लग्न केलं, तेव्हापासून सहा वर्षं त्यांनी तिला घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. पण दर तीन हजार किलोमीटरला ती गाडीचं तेल बदलायला गॅरेजवर यायची आणि ते तिला कधी नाही म्हणायचे नाहीत. जुनं तेल पूर्ण गळायला अर्धा तास लागे. तेवढ्यात चहा होई, तिच्या नोकरीचं, नातीला फुटलेल्या दातांचं बोलणं होई.

या खेपेला ती नवी गाडी घेऊन आली. ती विजेवर चालायची; तिला इंजिन नव्हतं, क्लचही नव्हता.

"शोरूमवाले म्हणाले, हिच्या गिअरबॉक्सचं तेल कधी बदलावंच लागत नाही," शर्वरी म्हणाली. "तरी म्हटलं, आबा, तुम्हाला दाखवून यावं."

आबा खाली वाकले. गिअरबॉक्स चारी बाजूंनी बंद होता. तेल सोडायचा बोल्टच नव्हता.

"बरोबर सांगितलं त्यांनी. गाडी मोडीत निघेल, पण तेल टिकेल."

"मग मी कधी येऊ, आबा?"

'केव्हाही ये, घरी ये,' हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण नजर गाडीवरच ठेवून ते म्हणाले, "आता तुला यायची गरज नाही."

 शर्वरीनं हेल्मेट चढवलं. निघताना लेकी 'येते' म्हणतात. ती "जाते" म्हणाली, आणि आबांना शब्द सापडेपर्यंत ती वळणाआड गेलीसुद्धा.