राजमणीचे आठ तास

दुपारचे बारा वाजले आणि टॉवेल कारखान्यातलं राजमणीचं शिलाई मशीन आपोआप थांबलं. तिच्या मनगटावरची सरकारी पट्टी लाल झाली होती. नव्या कायद्याचा तो पहिलाच दिवस. हात राबले की पट्टी तास मोजायची, आणि दिवसाचे आठ तास भरले की मशीन बंद. मग कुणाचा बाप आला तरी ते चालू व्हायचं नाही.

"नऊला आलीस. तीन तासांत आठ कसे भरले?" मुकादम चिलवेरी करवादले. त्यांनी पट्टीतली नोंद उघडली. पहाटे चार ते सकाळी नऊ, सलग काम.

"दुसरीकडं कुठं कामाला जातेस काय गं?"

राजमणी खाली मान घालून सुईतला दोरा काढत राहिली. चिलवेरींनी पलीकडे मागावर असलेल्या तिच्या नवऱ्याला, नरसय्याला, बोलावलं. त्याची पट्टी हिरवीगार होती. तिच्यावर तीनच तास दिसत होते.

"अरे, ही पहाटे चारला कुठं जाते?"

"कुठं जाणार साहेब? झोपलेली असते," नरसय्या ठामपणे म्हणाला. "पट्टीच बिघडलीय. चारला आमच्या घरात कुणी उठत नाही. सगळा अंधार असतो."

"नळाला पाणी चारलाच येतं," राजमणी म्हणाली. "मग धुणं, सासूबाईंची आंघोळ, सगळ्यांचे डबे." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमची झोप मोडू नये म्हणून मी दिवा लावत नाही."