वहिनींना क्लच जमत नाही

चढाच्या ऐन मध्यावर गाडीनं मान टाकली, तेव्हा स्टिअरिंगवर गॅरेजवाला होता, शेजारी तिचा नवरा, आणि मागच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन ती.

गॅरेजवाल्यानं किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली. मागून हॉर्न सुरू झाले.

"क्लच हळू सोडा, भाऊ," ती म्हणाली. "घाबरू नका. सवयीनं जमतं."

शब्द त्याचेच होते. गाडी रस्त्यात बंद पडते म्हणून ती दर वेळी त्याच्याकडे जायची. तो गल्लीत एक चक्कर मारायचा आणि निकाल तिला नाही, फोनवर तिच्या नवऱ्याला सांगायचा. साहेब, गाडी ठणठणीत आहे, वहिनींना क्लच जमत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! दोघं हसायचे. नवऱ्याच्या हसण्याचा तिला जास्त राग होता. शेवटी नवराच म्हणाला, तिघं मिळून जाऊ. गाडी नीट चालली तर दोष तुझ्या हाताचा, आणि यापुढे किल्ली माझ्या खिशात.

ती लगेच कबूल झाली. फक्त निघण्याआधी काचा घट्ट लावून तिनं गाडी दुपारभर उन्हात उभी केली.

गॅरेजच्या सावलीत ही गाडी कधीच रुसायची नाही. डॅशबोर्डखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी एक काळी डबी होती. पेट्रोलच्या पंपाला वीज तिच्यातून जायची. डबी तापली की वीज बंद. एक बुक्की मारली की चालू. हे शोधताना ती कितीतरी दुपारी त्या भट्टीत एकटी उकडली होती. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, बोटं भाजून घेतली, वायरी हलवल्या. एक टेम्पोवाला शेजारून जाताना ओरडला, "चालवता येत नाही तर बसता कशाला?"

"मनावर घेऊ नका हो," ती काचेतून म्हणाली. "तुमचा काय दोष? अंगणच चढाचं."

त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "वहिनी, वर सपाटीपर्यंत ढकलावी लागेल. तुम्ही जरा स्टिअरिंग धरा."

"मी? मला जमेल?"

नवरा दार उघडून खाली उतरला.

ती पुढे येऊन बसली. दोघांनी मागून खांदे लावले. चढ फार उभा नव्हता, पण लांबलचक होता. त्यांना दम लागला की ती हँडब्रेक ओढायची आणि आरशात बघत बसायची. नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट, गॅरेजवाल्याचं लालबुंद तोंड. पोटभर बघून झालं की म्हणायची, "हं, लावा जोर!"

काळी डबी तिच्या गुडघ्याला लागत होती. सबंध चढ संपेपर्यंत तिनं डबीला हात लावला नाही.

सपाटी आली. दोघं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. तिनं वाकून एक बुक्की मारली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"अगं, थांब!" नवरा ओरडला.

तिनं क्लच अगदी अलगद सोडला. गाडीला साधा हिसकाही बसला नाही.