हनुवटी कोणाची?

पोस्टमास्तरांचा डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता, आणि सलूनमधल्या टीव्हीवर निवेदक ओरडला, “सांगा, देशाचं भवितव्य कोणाच्या हाती?”

“आमच्या पक्षाच्या,” पोस्टमास्तर म्हणाले.

“असं कसं? आमच्या,” सलूनवाला म्हणाला.

एकाच्या हातात वस्तरा आणि दुसऱ्याची मान मागे कललेली, अशा वेळी राजकारण इथंच आटोपतं घ्यावं. पण निवेदक पुन्हा ओरडला, त्याच्यावर हे दोघे ओरडले, आणि पाचव्या मिनिटाला पोस्टमास्तर गळ्यातल्या टॉवेलासकट रस्त्यावर होते. वीस वर्षांच्या दोस्तीत ह्या दोघांची साधी कुरबूर झाली नव्हती. उलट पोस्टमास्तरांच्या मुलाशी सलूनवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि ते दहा दिवसांवर आलं होतं.

कोपऱ्यावर त्याच चॅनलची गाडी उभी होती. सकाळपासून बातमी मिळाली नव्हती, ड्रायव्हरसुद्धा जांभया देत होता. एवढ्यात समोरून हा अर्ध्या दाढीचा, फेसाळलेला गृहस्थ. माइकवाली धावली. “साहेब, हा कसला निषेध?”

पोस्टमास्तर खरं तर टॉवेल परत द्यायला वळले होते. पण माइक तोंडाशी आला की माणसाची छाती आपोआप पुढं येते. “त्यांचा पक्ष माफी मागत नाही, तोवर दुसऱ्या गालाला वस्तरा लागणार नाही!”

झालं! संध्याकाळपर्यंत शहरातल्या निम्म्या पुरुषांचे डावे गाल गुळगुळीत झाले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या निम्म्यांनी उजवे केले. हनुवटी कोणाची, ह्यावर चॅनलवर चार तज्ज्ञ तीन दिवस भांडले. पाचवा समेट सुचवायला आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. दूधवाल्याचा बोकड अर्ध्या दाढीनं हिंडताना दिसला, तेव्हा त्याला पोलीस बंदोबस्त द्यावा लागला. बिचाऱ्यानं ती भिंतीला घासून घालवली होती, पण त्याचं म्हणणं कोण ऐकतो? दाढ दुखते म्हणून गालाला फडकं बांधून आलेल्या एका कारकुनाला दोन्ही बाजूंनी अडवून विचारलं, “लपवतोस काय?” नवऱ्या मुलानं कटकट नको म्हणून सगळीच दाढी वाढवली, तर दोन्हीकडचे त्याला कुंपणावरचा म्हणू लागले.

सलूनवाल्यानं स्वतःचा उजवा गाल साफ केला तो निव्वळ हट्टानं.

“बाबा, चार दिवसांवर लग्न आलंय,” मुलगी म्हणाली. “अर्ध्या तोंडानं उभे राहणार मांडवात?”

“आधी व्याहीबुवांनी नमतं घ्यावं.”

ती पोस्टात गेली. “काका, तुम्ही तरी मोठेपणा घ्या.”

“घेतो की,” पोस्टमास्तर पत्रावर धाडकन शिक्का मारत म्हणाले. “आधी तुझ्या बापानं गाल बदलावा.”

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, चॅनलनं जाहीर केलं: पोस्टमास्तर सलूनमध्ये जाऊन थेट प्रक्षेपणात सोयरीक मोडणार! मुलीनं आपलं लग्न मोडणार असल्याची बातमी अशी टीव्हीवरच ऐकली. मध्ये एक साबणाची जाहिरातही लागली. ती संपेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिनं टीव्ही बंद केला, नाक पुसलं आणि सलूनचं दार सताड उघडून ठेवलं.

पोस्टमास्तर आले. मागे माइकवाली, तिच्या मागे कॅमेरा, आणि कॅमेऱ्यावर असा दिवा, की भर दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. त्या झगमगाटात पोस्टमास्तरांना समोर तो दिसला. तोच गुळगुळीत उजवा गाल! डोळे तांबारलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. आणि लबाडानं आपल्या पाठीशी स्वतंत्र दिवेवाला आणून ठेवलेला!

“बघा, बघा कसा बघतोय!” पोस्टमास्तरांनी बोट उगारलं. समोरूनही बोट आलं. “पाहिलंत? आधी त्यानं उगारलं! आणि मी बोलतोय तर तोही मध्येच तोंड चालवतोय! दुसऱ्याचं ऐकून घ्यायची तयारीच नाही. असल्या माणसाच्या हाती देशाचं भवितव्य द्यायचं?”

“अजून थोडं चढ्या आवाजात, साहेब,” माइकवाली आनंदानं कुजबुजली.

मुलगी म्हणाली, “काका, देशाचं राहू द्या. लग्नाचं बोला.”

पोस्टमास्तरांनी बोट खाली घेतलं. पोर त्यांना मनापासून आवडत होती. “तुझ्याबद्दल माझी तक्रारच नाही गं. लाखात एक आहेस. पण ह्याचं तोंड मला बघवत नाही! ह्याला आत्ताच्या आत्ता दुकानाबाहेर काढ, उद्या मी स्वतः उभा राहून लग्न लावून देतो.”

“शब्द?”

“सगळा देश बघतोय! दिला शब्द!”

तिनं पुढं होऊन पोस्टमास्तरांचा दंड अलगद धरला.

“मग चला बाहेर, मामंजी. बाबा केव्हाचे मागे पाणी भरायला गेलेत. तो आरसा आहे.”