दांड्याची गॅरंटी

दुकानात आलेल्या ताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. “ओल्या फरशीवर घसरली. धांदरटच आहे,” त्यांचे मिस्टर हसत म्हणाले. मी लगेच सगळ्यात सोपा मॉप काढला. वाकायला नको, पिळायला नको, एका हाताने फरशी लख्ख.

“आणि दांडा अस्सल स्टीलचा, ताई! पाच वर्षांची गॅरंटी,” असं म्हणत मी तो काउंटरवर ठणकन आपटून दाखवला. ताईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

“प्लास्टिकच्या दांड्याचा नाही का?” त्यांनी हळूच विचारलं.

“आहे की. पण जरा जोर लावला की मोडतो तो.”

“मग तोच द्या.”

गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने तकलादू माल मागतंय, हे उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. मी मिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी स्टीलचा दांडा उचलला, हातात तोलला, मूठ आवळून एकदा हवेत फिरवला.

“हाच द्या बांधून,” ते म्हणाले. “प्लास्टिकचे आमच्या घरी टिकत नाहीत.”