चुका दाखवणारा वाचक

‘आई भाकरी उजव्या हाताने उलटत नाही. डाव्या हाताने उलटते.’

अपेक्षाने प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि लॅपटॉप अर्धवट मिटला. चार हातांवर शेगडीपाशी तिची आई भाकरी उलटत होती. डाव्या हाताने.

चित्रात अपेक्षाने मुद्दाम उजवा हात काढला होता. चार वर्षं ती दर गुरुवारी स्वतःच्या वेबसाइटवर कॉमिकचं एक पान टाकत होती. एक चाळ, एक खोली, आई, बाबा आणि त्यांची मुलगी. घोडपदेवचं नाव कुठे नाही, चाळीचं नाही, तिचं स्वतःचंही नाही. ओळखू येईल अशी प्रत्येक गोष्ट ती बदलायची. आता कोणीतरी तिचे बदल एकेक करून खोडत होतं.

हे तिसऱ्यांदा झालं होतं. आधी लिहिलं होतं, ‘पाण्याचा ड्रम दाराच्या डावीकडे असतो.’ मग, ‘बाबांच्या कपाला कान नाही.’ दोन्ही खरं होतं. लिहिणाऱ्याचं नाव ‘वाचक ४१’. ज्याने नाव दिलं नाही त्याला वेबसाइट आपोआप असा आकडा देते.

शुक्रवारी कामावरून आल्यावर तिने दार लावून घेतलं. या चाळीत दिवसाउजेडी कोणी दार लावत नाही. शेजारच्या सुंदराबाईंनी लगेच कडी वाजवली.

“काय गं अपेक्षा, ताप आलाय, की तुला बघायला येणार आहेत?”

“एसी लावलाय, मावशी.”

“एवढ्याशा खोलीत? मग मला पण घे की आत!”

सुंदराबाई हसत गेल्या. पण त्यांची सावली दाराच्या फटीत जरा जास्तच वेळ थांबली, असं अपेक्षाला वाटलं. मग समोरच्या इमारतीतल्या खिडक्याही तिला मोजाव्याशा वाटल्या. एकोणीस होत्या. त्यांतल्या सात उघड्या.

“दार उघड,” आई म्हणाली. “जीव गुदमरतो माझा. झालंय काय तुला?”

“काही नाही.”

अपेक्षा परळला एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. नुसता संशय घेऊन काही कळत नाही, तपासावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. शनिवारी तिने एक नवं पान काढलं आणि त्यात तीन चुका घातल्या. दाराचा पडदा निळ्याऐवजी हिरवा. ही चूक गॅलरीतून जाणाऱ्याला कळेल. खिडकीचे गज उभ्याऐवजी आडवे. ही समोरच्या इमारतीतून. आणि पोटमाळ्याच्या शिडीला सहाऐवजी सात पायऱ्या. ही फक्त खोलीत येऊन बसणाऱ्याला. तो जी चूक धरेल, तिच्यावरून तो कुठे उभा असतो ते समजेल.

तिसरी धरली, तर वेबसाइट बंद. तेही तिने ठरवलं होतं. दोनशेच्या वर पानं होती.

गुरुवारची वाट न पाहता तिने रविवारी दुपारीच पान टाकलं. खाली नेहमीसारखी एक ओळ लिहिली, ‘या आठवड्यात पान लवकर.’

वीस मिनिटांत उत्तर आलं.

‘शिडीला सहाच पायऱ्या.’

पडद्याबद्दल काही नाही. गजांबद्दल काही नाही. म्हणजे तो आत येत होता. आत येऊन बसत होता, शिडीकडे बघत होता, आईच्या हाताकडे बघत होता. तिने वेबसाइट पुसून टाकायचं बटण शोधलं. ‘नक्की पुसायची का?’ असा प्रश्न स्क्रीनवर आला. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

‘आणि आरसा विसरलीस. दाराजवळचा, अंड्याच्या आकाराचा.’

तिने दाराजवळ पाहिलं. तिथे भिंत होती. चुन्यात खिळ्याचं एक भोक होतं. आरसा नव्हता. नऊ वर्षं नव्हता.

तिचं बोट बटणावरून मागे आलं. आतापर्यंत त्याची बरोबर उत्तरं तिला घाबरवत होती. हे चुकलं होतं. आता तिच्या लक्षात आलं, पडदा आणि गज हे दोन्हीही गेल्या नऊ वर्षांतच बदललेले होते. म्हणजे आताची खोली त्याने पाहिलीच नव्हती.

“आई, आरसा फुटला हे कोणाला माहीत नाही?”

आई तांदूळ निवडत होती. “कोणाला म्हणजे? बाबांनी तांब्या फेकला तेव्हा अख्खी चाळ गोळा झाली होती दारात. कोण राहिलंय?” तिची बोटं ताटात थांबली. “एकटा तोच. तो तर सकाळीच निघून गेला होता.”

सम्यकदादा. बाबांशी भांडून, पाठीला एक पिशवी लावून गेलेला. त्याचा फोन पुन्हा कधी लागला नाही. तेव्हा अपेक्षा पंधरा वर्षांची होती.

“आई, दादा असेल बघ,” म्हणत तिने टाइप केलं, ‘दादा?’

दहा मिनिटं काहीच आलं नाही. आता तिला वेगळीच भीती वाटू लागली. आपण नाव घेतलं, तो गेला. आई ताट बाजूला सारून तिच्या खांद्याला चिकटून बसली. आईला ती बारीक अक्षरं दिसत नव्हती.

मग ओळी आल्या.

‘हो. खूपदा निघालो, भायखळ्यापर्यंत येऊन परत फिरलो. आधी एक सांग. बाबा अजून चिडलेत का? गुरुवारच्या पानात तर हसत होते.’

“काय म्हणतो गं? वाच ना,” आई म्हणाली.

अपेक्षाला वाचता येईना. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चित्रात मात्र तिने त्यांना एकदाही मरू दिलं नव्हतं.