घरी परत

वृद्धाश्रमाचं सॉफ्टवेअर साफसूफ करायला बसलेली प्रोग्रामर व्यवस्थापक बाईंना समजावत होती. "याला एनम म्हणतात, बाई. प्रत्येक रहिवाशाची स्थिती या चारांपैकीच एक: मुक्कामी, दवाखान्यात, घरी परत, वारले. बाहेरून पाचवी कुणाला घुसवता येत नाही. तुम्हाला ही नुसती नावं वाटतील, पण आत ती चार खरीखुरी ऑब्जेक्ट्स असतात. प्रोग्राम सुरू झाला की चारही एकदाच तयार होतात आणि तो बंद होईपर्यंत आपापल्या जागी बसून राहतात, कुणी हाक मारो न मारो."

"मग अडलंय कुठे?"

"'घरी परत'ला आजवर कुणी हाक मारलेलीच नाही. आश्रम निघाल्यापासूनच्या नोंदी चाळल्या, एकालाही ही स्थिती लागलेली नाही. बिचारं रोज नटूनथटून बसतं." ती हसली. "फुकटचा भार. काढून टाकते."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. तिने हात लांबवून दार लोटून घेतलं.

"राहू दे ते," बाई म्हणाल्या. "नवीन माणूस आणला की मी हीच स्क्रीन त्याच्याकडे वळवते. 'घरी परत' दिसलं की म्हातारी माणसं मुलांचा हात सोडतात आणि मुकाट्याने आत येतात."

 

"तुझ्या बाबांनी तर ते मोठ्याने वाचलं होतं. तू शेजारीच उभी होतीस."