हाव ओळखणारं फाटक

फाटकाला नवा कीपॅड बसवून अच्युतरावांना दोन फायदे साधायचे होते: गणेशोत्सवाची वर्गणी वाचणार होती आणि सणाला नेमका जेवणाच्या वेळी टपकणारा मेहुणा मदन बाहेर राहणार होता. बोट टेकलं की कीपॅडला माणसाच्या मनातली हाव कळे. हाव नसेल त्यालाच फाटक उघडायचं, असं अच्युतरावांनी बटणं दाबून ठरवून टाकलं. बायको कुमुदिनी कुणालाही आत घेते, म्हणून आतलं बटणही बंद केलं. मग चाचणी घ्यायला ते बाहेर गेले आणि बोट टेकलं.

लाल दिवा लागला.

"अहो, मनात काय आणलंत?" कुमुदिनीने आतून विचारलं.

"पुरणपोळी! वास सुटलाय ना!"

"मग राहा उभे तिथेच."

तेवढ्यात मदन आला. त्यालाही लाल दिवा. "भाऊजी, मीही पोळीसाठीच आलोय," तो हसत म्हणाला.

अच्युतरावांनी डोकं चालवलं. स्वतः कितीही खाल्लं तरी आत जायची हाव उरणारच. मदनची हाव मात्र नुसती पोळीची; ती फिटली की फाटक उघडेल. कुमुदिनीने फाटकावरून ताट दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते मेहुण्याला आग्रह करू लागले.

"घे रे, अजून एक. तुला माझी शपथ!"

अखेर मदनने ढेकर दिला. "आता अमृत दिलंत तरी नको," म्हणत त्याने बोट टेकलं. हिरवा दिवा लागला, फाटक उघडलं आणि त्याच्यामागोमाग अच्युतरावही आत शिरले.

हिशेब पानावर बसल्यावर कळला. कीपॅडचे पैसे अच्युतरावांचे, पोळ्या मदनच्या पोटात, आणि अच्युतरावांच्या पानात नुसती कटाची आमटी. तीही मदननेच वाढली, अगदी आग्रहाने.